झिजलेला रुपया आणि टक्केवारीचा छेद

मराठीत माणसाच्या नावाला बट्टा लागतो. हा शब्द मूळचा सराफाच्या पेढीवरचा. नाणे झिजलेले, जुने किंवा परमुलखातले असेल, तर ते बदलून देताना जी रक्कम कापली जाई, तिचे नाव बट्टा. आजचे ‘पोतदार’ हे आडनावही याच व्यवहारातून आले. सरकारी खजिन्यात भरणा होणारी नाणी पारखून घेणारा तो पोतदार.

१६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या खडकीला औरंगजेबाने आपल्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत औरंगाबाद हे नाव दिले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. येथे मुघलांची टांकसाळ होती. तिच्या अनेक रुपयांवर गावाचे रोजचे नाव नसून ‘खुजिस्ता बुनियाद’ असे बिरुद येते. अर्थ, शुभ पायावर उभे राहिलेले नगर. नाणेसंग्रहाच्या यादीत हे नाव दिसले की टांकसाळ औरंगाबादची समजावी.

अशा रुपयांचा अभ्यास करणारा विद्यार्थी आज स्प्रेडशीट उघडतो. पहिल्या स्तंभात नाण्याचा क्रमांक, दुसऱ्यात मूळ वजन, तिसऱ्यात आज तराजूवर भरलेले वजन. मूळ वजनातून आजचे वजन वजा करायचे आणि उत्तराला मूळ वजनाने भागायचे. त्या घराला टक्केवारीचे स्वरूप दिले की शंभराने वेगळे गुणावे लागत नाही. जे दोन्ही करतात, त्यांच्या यादीत दीड टक्का झिजलेले नाणे दीडशे टक्के झिजलेले दिसते. ही चूक निदान हास्यास्पद असल्यामुळे लगेच सापडते.

न सापडणारी चूक छेदात असते. तिसऱ्या स्तंभातला आकडा तराजू देतो. दुसऱ्या स्तंभातला आकडा मात्र इतिहासकाराला ठरवावा लागतो, कारण टांकसाळीतून बाहेर पडताना त्या विशिष्ट नाण्याचे वजन किती होते, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही.

शेरशाहच्या रुपयाचे मानक १७८ ग्रेन, म्हणजे सुमारे ११.५३ ग्रॅम, आणि अकबराने ते पुढे चालवले. औरंगजेबाच्या रुपयाचे मानक १७८ ते १८० ग्रेनच्या दरम्यान धरले जाते. दोन ग्रेनचा फरक क्षुल्लक वाटेल. समजा, खुजिस्ता बुनियादचा एक रुपया ११.३५ ग्रॅम भरला. १७८ ग्रेनच्या हिशेबाने त्याची झीज १.६ टक्के. १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम धरले, तर तीच झीज २.७ टक्के. नाणे एकच, तराजू एकच, तरी झीज दीडपटीहून अधिक वाढली. जहांगीरने तर कारकिर्दीच्या सुरुवातीस रुपया आधी २० आणि मग २५ टक्क्यांनी जड केला आणि काही वर्षांत पुन्हा जुन्या वजनावर आणला. त्याचा जड रुपया छेदात बसवला, तर नंतरचे प्रत्येक कोरे नाणेही सुमारे २० टक्के चांदी गमावलेले दिसेल आणि राज्यकर्त्यांवर नाणे हलके केल्याचा आरोप ठेवून अभ्यासक मोकळा होईल!

टक्केवारी आणखी एक गोष्ट लपवते. हातोहात फिरून झालेली झीज आणि कानशीने कड घासून केलेली चोरी स्प्रेडशीटमध्ये सारखीच दिसते. त्यासाठी नाण्याची कड डोळ्यांनीच पाहावी लागते.

आता सराफाच्या बाजूने पाहू. त्याचा बट्टा केवळ वजनावर नव्हता. मुघल रुपयावर बादशहाचे जुलूस वर्ष, म्हणजे कारकिर्दीचे वर्ष, कोरलेले असे. चालू वर्षाचा तो ‘सिक्का’, त्याच बादशहाचा पण मागील वर्षांचा ‘चलनी’, आणि आधीच्या बादशहांचा ‘खजाना’. वर्ष उलटले की किंमत घटे. १८ व्या शतकातील बंगालमध्ये दुसऱ्या वर्षी ३ टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून ५ टक्के कापण्याची रीत होती, मग चांदी रतीभरही झिजलेली नसो. जुना रुपया हाती पडलेल्या रयतेला सारा भरताना ही घट सोसावी लागे. धातूतून काहीच गेलेले नव्हते. गेले ते तिच्या गाठीचे. आपल्या स्प्रेडशीटमध्ये या तोट्याला स्तंभच नाही.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेनचा रुपया ठरवला. त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. हा रुपया वजनात २ टक्क्यांहून अधिक घटला नसेल आणि कापलेला वा कानसलेला नसेल, तरच तो कायदेशीर चलन. २ टक्के म्हणजे ३.६ ग्रेन. मर्यादा स्पष्ट आणि छेदही कायद्यातच लिहिलेला. सराफाच्या मर्जीपेक्षा हे बरेच सरळ होते, एवढे श्रेय कंपनीला द्यावेच लागते.

औरंगाबाद मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिले आणि तेथे हाली सिक्का चालला. इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. १९०० मध्ये मनमाडकडून येणारी रेल्वे शहरात पोहोचली. मनमाड इंग्रजी मुलखात असल्याने व्यापाऱ्याला काही तासांत चलन बदलावे लागे. दर साधारण ७ हालीला ६ कलदार. म्हणजे १०० कलदारांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. येथेही छेदाने घोळ होतो. कलदार घ्यायला हालीत १६.७ टक्के जास्त मोजावे लागतात, पण हाली कलदारापेक्षा १४.३ टक्केच कमी असतो.

२० व्या शतकातला चारमिनार छापाचा हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा. कलदाराशी ताडून पाहिले, तर वजनाची तूट ४.१ टक्के येते. पण त्याची शुद्धता सुमारे ८१.८ टक्के होती. दोन्हींतली निव्वळ चांदी काढून तोच हिशेब पुन्हा केला, की तूट १४.५ टक्क्यांवर जाते. १८९३ नंतर कलदाराची किंमत केवळ चांदीवर ठरत नव्हती, त्यामुळे विनिमयदराशी हा आकडा इतका जवळ येतो याचे सगळे श्रेय धातूला देता येणार नाही. तरीही नुसत्या वजनाचा स्तंभ पाहून मनमाडला निघालेला व्यापारी दर शंभर रुपयांमागे दहा रुपयांनी फसला असता.