हात लावून बघा

गेल्या शनिवारी आमचा ग्रुप बॉस्टनच्या चिल्ड्रन्स म्युझियमला जाऊन आला. ग्रुप म्हणजे नॅशुआतली चार मराठी कुटुंबं, तीन गाड्या, पाच पोरं आणि सहा महिन्यांसाठी इकडे आलेले आजी-आजोबा. आमचे आई-अण्णा अहमदपूरहून आलेत, त्यामुळे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत होतीच. म्युझियमच्या दारात चाळीस फुटी दुधाची बाटली उभी आहे (मूळची १९३०च्या दशकातली आईस्क्रीमची टपरी, १९७७ साली इथे आणली). तिच्या सावलीत बसून आमचं जेवण झालं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत बापडे.

आत शिरल्याबरोबर पोरं सुटली. पाण्यात हात घाल, दोऱ्या ओढ, चढ, उतर. अण्णा मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरत होते. जन्म मास्तरकीत गेला. सहलीला म्युझियमच्या दारात पोरांची रांग लावायची आणि पहिली सूचना द्यायची, "कशाला हात लावायचा नाही." थोड्या वेळाने मला हळूच म्हणाले, "अरे, इथं लेकरांना कुणी रागवत कामून नाही?"

घरी आल्यावर मी जरा शोधाशोध केली. सवयच ती, कुठलीही गोष्ट कोणी आणि का बांधली हे कळल्याशिवाय झोप येत नाही. :)

खास मुलांसाठी काढलेलं जगातलं पहिलं म्युझियम ब्रुकलिनचं. डिसेंबर १८९९. तोवर म्युझियम म्हणजे काचेमागच्या वस्तू आणि खाली बारीक अक्षरातली पाटी. १९०२ साली तिथे ॲना बिलिंग्ज गॅलप नावाच्या बाई रुजू झाल्या आणि पुढची तीसेक वर्षं त्यांनी एकच गोष्ट लावून धरली, की हे घर मुलांना आपलं वाटलं पाहिजे. बॉस्टनचं म्युझियम १९१३ सालचं, विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी सुरू केलेलं.

पण खरी उलथापालथ झाली १९६२ नंतर. त्या वर्षी मायकेल स्पॉक बॉस्टनचे संचालक झाले. बालसंगोपनावर जगप्रसिद्ध पुस्तक लिहिणाऱ्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. गंमत म्हणजे लहानपणी यांना वाचनच धड जमत नसे, डिस्लेक्सिया होता. पाटी वाचून शिकणं म्हणजे काय शिक्षा असते हे माहीत असलेला माणूस म्युझियमचा प्रमुख झाला! १९६४ साली त्यांनी 'आत काय आहे?' या अर्थाच्या नावाचं प्रदर्शन मांडलं. रोजच्या वस्तू मधोमध कापून ठेवल्या आणि पोरांना मोकळं सोडलं. आज जगभर दिसणारं 'हात लावून बघा' म्युझियम बरंचसं तिथून निघालंय.

आता मुद्द्यावर येतो. या म्युझियमच्या आत एक अख्खं जपानी घर आहे. क्योटोमधल्या रेशीम व्यापाऱ्याचं, शंभरावर वर्षं जुनं. क्योटो आणि बॉस्टन ही भगिनी-शहरं, त्या नात्याने आलेली ही भेट. घर सुटं करून जहाजाने आणलं आणि क्योटोच्या सुतारांनी येऊन ते पुन्हा जोडलं, १९७९ साली. आत जाताना जोडे काढावे लागतात. तिथे मात्र आमचे अण्णा सगळ्यांच्या पुढे! जोडे काढले, चटईवर मांडी घातली आणि पहिल्यांदा हात पाठीमागून पुढे आले. लाकडी खांबावरून हात फिरवत बसले.

माझ्या पोराने विचारलं, "आबा, आपलं पण असं जुनं घर आहे?"

"होतं," अण्णा म्हणाले.

आमचं माळवदाचं घर होतं. ढाळज, धान्याचं बळद, भिंतीत देवळ्या, छताला उजेडासाठी सवणं. मी फक्त फोटोत पाहिलंय. माझ्या जन्माच्या वर्षभर आधी ते पाडलं आणि सागवानी तुळया विकून टाकल्या. ही गोष्ट मला कायम खुपत आलीय. तिथे चटईवर बसून मी बोलून गेलो, "जपान्यांनी बघा कसं जपलं. आपण भंगारात काढलं."

अण्णा शांतपणे म्हणाले, "तू त्या घरात झोपला नाहीस."

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती, दोन-अडीच फूट जाडीच्या. वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून वर्षानुवर्षं पांढरी माती चढवत गेलेलं, त्यामुळे वजन वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात जे घर गार ठेवतं त्याच वजनाने माणसं चिरडली. अहमदपूरला आमच्या भिंतीला फक्त भेग गेली. पण आई-अण्णा त्यानंतर कितीतरी दिवस अंगणात बाज टाकून झोपले. घरात पाय ठेवायची भीती वाटायची. मग ते पाडून स्लॅबचं बांधलं.

इंजिनिअर म्हणून वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट होता, तिथे भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे मारलं ते दगडांनी आणि ओझ्याने, आणि आपण विकलं ते वाचवू शकणारं लाकूड. हे अण्णांना सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कुणी उघडून दाखवलं असतं तर."

रात्री बघतो तर हॉलमध्ये आजोबा-नातू लाकडी ठोकळे घेऊन बसलेले. अण्णांनी ठोकळ्यांच्या भिंती रचल्या, वर पुठ्ठा ठेवला आणि पुठ्ठ्यावर तांदळाची पिशवी. "हे आपलं माळवद. आता टेबल हलव." धडाम! पोरगं खूश. मग अण्णांनी चार पेन्सिली मातीच्या गोळ्यांत रोवून आत खांब उभे केले, भिंती पुन्हा रचल्या, पिशवीतले अर्धे तांदूळ काढून घेतले.

"आता हलव."

भिंती पडल्या. पुठ्ठा तिरका झाला, पण पेन्सिलींवर राहिला.

"आबा, परत," पोरगं म्हणालं. अण्णा परत ठोकळे रचायला लागले.