चांगल्या अक्षराचा माणूस

गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा फलक असो, सोसायटीच्या टाकीसफाईची सूचना असो की हरिनाम सप्ताहाचं निमंत्रण, मुंबईच्या उपनगरांत कामाची वाटणी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: अक्षर कोणाचं चांगलं आहे? मग कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं नाव घ्यायचं आणि त्याची त्या रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. मानधन म्हणजे चहा आणि वडापाव. याच माणसाची ही कुळकथा. भांडुप-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत तो कधी पेंटर म्हणून दिसतो, कधी आर्टिस्ट म्हणून, तर कधी अनियतकालिक काढणारा बंडखोर म्हणून.

अलीकडे या बंडखोराला झिन, म्हणजे स्वतःच लिहून छापलेलं छोटं पत्रक, काढणारा म्हणतात आणि त्याचं मूळ लंडनला दाखवतात. १९७६ साली मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या एका कारकुनाने 'स्निफिन् ग्लू' हे पंक संगीताचं पत्रक काढलं. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड पेनाने हाती लिहिलेले, प्रती झेरॉक्सच्या आणि कोपऱ्यात एक टाचणी. त्याच सुमाराला जेमी रीड या चित्रकाराने सेक्स पिस्टल्स या बँडसाठी वर्तमानपत्रांतून अक्षरं कापून चिकटवली आणि खंडणीच्या चिठ्ठीसारखी दिसणारी ती कातरअक्षरं पंकची ओळख होऊन बसली.

हा उद्योग मराठीत करून पाहावा. इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरं, कात्री लावली की आलीच हातात. मराठी मथळ्यातून 'कि' कापायला गेलं की वेलांटी अर्धी तिकडे राहते आणि शिरोरेषा दोन्ही बाजूंनी तुटते. एका पेपरातला 'त्र' दुसऱ्या पेपरातल्या 'मि'शेजारी ठेवला तर उंची जुळत नाही, रेघ तर नाहीच नाही. जुळवलेला शब्द बंडखोर दिसायच्या ऐवजी पावसात भिजून सुटलेल्या पोस्टरसारखा दिसतो. देवनागरीत बंड करायचं तर कात्री फार कामाची नाही, हात लागतो. आणि तो हात आपल्याकडे पंकच्या फार आधीपासून तयार होता.

त्याचं कारण छपाईत आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. शिळाछापात खिळे जुळवायचे नसतात. वळणदार हाताचा लेखक कागदावर लिहितो, ते दगडावर उतरतं आणि दगडावरून छापतात. म्हणजे आपल्याकडे छापील अक्षराच्या बालपणीच कोणाचं तरी हस्ताक्षर छापून निघत होतं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक टाइप पाडले आणि पुस्तकं देखणी झाली. पण जोडाक्षरं, काने, मात्रा धरून देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागत. पोथीच्या आकारात ते परवडायचं, जाहिरातीच्या आकारात कोण पाडून ठेवणार? छापखान्यात मोठ्या मथळ्यासाठी हाताशी दोन-तीन वळणं असायची. लग्नपत्रिका, निवडणूक आणि श्रद्धांजली, सगळं त्यातच. वेगळं काही हवं असेल तर आर्टिस्टकडून काळ्या शाईत लिहून घ्यायचं आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा.

या ब्लॉकवर कमल शेडगे यांनी अख्खं साम्राज्य उभं केलं. शेडगे मुलुंडचे. १९३५ सालचा जन्म, २०२० च्या जुलैत गेले. कलाशाळेचं रीतसर शिक्षण नाही, टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात काम करता करता हात घडला. 'महाराष्ट्र टाइम्स'चं शीर्षक त्यांच्याच हातचं. पण त्यांचं खरं मैदान नाटकाच्या जाहिरातींचं पान. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'गारंबीचा बापू', 'वस्त्रहरण', 'ऑल द बेस्ट' अशी मराठी रंगभूमीची कित्येक वर्षं त्यांच्या अक्षरांतून गेली. जाहिरात सेंटिमीटरवर मोजली जायची, निर्मात्याचा खिसा बेताचा, फोटो छापला तर काळा गोळा उमटणार. तेव्हा नाटक गंभीर आहे की फार्स, ऐतिहासिक आहे की मालवणी, हे वाचकाला कळवायची जबाबदारी नावातल्या अक्षरांवरच पडायची. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचं पुस्तक चाळताना मला त्या जाहिरातींचा आकार सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. पुस्तकात अक्षर ऐसपैस दिसतं, पेपरात त्याला काडेपेटीएवढी जागा असायची आणि तेवढ्यात ते बोलायचं.

शेडग्यांचं कागदावर चाललेलं काम रस्त्यावर पेंटर करत होता. घाटकोपरच्या पेंटरची अडचण आणखी वेगळी. इथे पाटीवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी तिन्ही हवं. आधी पत्र्याला प्रायमर, मग रंगाचे दोन हात. वाळलं की सुतळीला खडूची पूड चोळून दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. खडूने अक्षरं बसवताना 'श्री गुरुकृपा फरसाण' असं नाव आलं की खरी परीक्षा. 'गु'चा उकार खाली लोंबणार, 'श्री'ची वेलांटी वर चढणार, म्हणजे जागा लागते तीन मजल्यांची आणि पाटी असते हातभर उंचीची. मग उकार आखूड करून 'गु'च्या पोटाशी सरकवायचा, वेलांटी चपटी करायची. खालची गुजराती ओळ बिनशिरोरेषेची, ती वरच्या मराठीपेक्षा हलकी दिसते, म्हणून तिला ब्रश अंमळ जाड. डाव्या हातात टेकूची काठी, उजव्या हातात चपटा ब्रश. जाणता पेंटर शिरोरेषा शेवटी ओढतो, कारण आधी ओढली आणि अक्षरांमधलं अंतर चुकलं तर माघार नाही. रेघ एका दमात, श्वास रोखून. मग उजवीकडे खाली शेड, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव. 'आर्ट्स' हा शब्द त्या नावापुढे हमखास असायचा आणि तो हक्काचा होता.

आता बंडाकडे. १९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइलवर. डेव्हिड गेस्टेटनरने १८८१ मध्ये लंडनला पेटंट घेतलं तेव्हा सायक्लोस्टाइल म्हणजे टोकाला दातेरी चाक बसवलेली लेखणी होती. मेणकागदावर ती फिरवली की बारीक भोकं पडत आणि त्यांतून शाई खालच्या कागदावर उतरे. मुंबईपर्यंत येईतो त्याचं फिरत्या पिंपाचं यंत्र झालं. ते कचेऱ्यांत, युनियनच्या ऑफिसांत आणि शाळांत असायचं, शाळेत मुख्यत्वे प्रश्नपत्रिकांसाठी. मराठी टाइपरायटर मिळाला तर फीत काढून मेणकागदावर थेट ठोकायचं. मथळा मात्र टोकदार लेखणीने हातीच कोरायचा. लेखणी जोरात दाबली की 'व'चं पोट गळून पडतं आणि छापताना तिथे शाईचा ठिपका येतो. शिरोरेषा सलग कोरली तर कागद तिथेच फाटतो, म्हणून हात उचलत, तुकड्यातुकड्याने ओढायची. जुन्या सायक्लोस्टाइल अंकांतल्या मथळ्यांची रेघ थरथरती, तुटक दिसते ती त्यामुळे. तिला शैली म्हणायचं की फाटण्याची भीती, हे ज्याने त्याने ठरवावं. मी भीतीच म्हणेन.

कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पोटासाठी जाहिरातीत. तिथेही त्यांचा दबदबा असा की कम्युनिकेशन आर्ट्स गिल्डची बक्षिसं त्यांना सहा वेळा मिळाली. १९७६ मध्ये मित्रांबरोबर क्लिअरिंग हाउस ही कवींची प्रकाशनसंस्था काढली, तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठंही त्यांनीच केली. दिवसा साबण विकणारं अक्षर आणि रात्री कविता छापणारं अक्षर एकाच बोटांतून येत होतं. पंकवाले ज्याला 'स्वतः करा' म्हणतात ते इथे तत्त्व म्हणून कोणी मिरवलं नाही, कारण दुसरं करणारं कोणी नव्हतंच.

साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, राजा ढाल्यांचं 'येरू' आलं. 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून ढाल्यांनी 'सत्यकथा' मासिकाच्या दरबारी थाटावर हल्ला चढवला तो अशाच अनियतकालिकातून. पुढे दलित पँथरचे नेते म्हणून ते महाराष्ट्राला माहीत झाले. राहायला विक्रोळीला, २०१९ मध्ये गेले तेही तिथेच. मुलुंडहून धीम्या लोकलने विक्रोळी किती लांब? नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. नाटकाच्या पानावरचं सर्वांत प्रतिष्ठित अक्षर आणि प्रतिष्ठेवर थुंकणारं अनियतकालिक एकाच रुळांवर चार स्टेशनांच्या अंतरात नांदत होतं, आणि दोघांचा वाचक बहुधा एकाच डब्यात लोंबकळत होता.

या मोठ्या नावांखाली एक थर आहे, त्याची नोंद कोणी ठेवत नाही: कॉलेजांतली भित्तिपत्रकं. ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर, स्केचपेन, हाती लिहिलेल्या कविता आणि वर पिनांनी लावलेली पारदर्शक प्लास्टिकची शीट. एकच प्रत, वाचक जिन्यावरून येणारे-जाणारे. मराठी झिनची आजी शोधायची तर मी लंडनला न जाता या जिन्यात जाईन. चौकातले वार्ताफलक आणि पक्षांच्या शाखांबाहेरचे फळे तिच्याच नात्यातले. रोज पुसायचं, रोज लिहायचं, आणि अक्षर चांगलं असलेला कार्यकर्ता शाखाप्रमुखाइतकाच महत्त्वाचा.

मुलुंड-विक्रोळीच्या याच पट्ट्यात, पवईच्या आयआयटीत, र. कृ. जोशी अक्षरलेखन शिकवत. जाहिरातीतून आलेले, कवी आणि सुलेखनकार. संगणकावर देवनागरी आणण्याच्या खटाटोपात त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा टाइप घडवला आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक कचेरीत तो पोचला. पडद्यावर बारीक मजकूर वाचता यावा हे त्याचं काम, ते त्याने चोख केलं. पण फुकट आणि हाताशी म्हणून तोच दहा फुटी फ्लेक्सवर ताणला गेला, त्यात जोशींचा काय दोष?

फ्लेक्स या शतकाच्या सुरुवातीला आला आणि पेंटरचं दुकान उठलं. मार्च २०२२ मध्ये कायदा दुरुस्त होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको अशीही अट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. एवढ्या पाट्या एकदम लिहायच्या म्हणजे पेंटरची दिवाळीच, असं वाटावं. काम गेलं फ्लेक्सवाल्यांकडे आणि अॅक्रिलिकची अक्षरं यंत्रावर कापणाऱ्यांकडे.

दरम्यान मुंबईतल्याच 'एक टाइप'च्या मंडळींनी 'मोदक'सारखा टाइप काढला. इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा नुसती रेघ होऊन राहते. रंगवलेल्या पाटीचा मोकळेपणा त्यात आहे आणि तो फुकट उतरवून घेता येतो. मुंबईत आता झिनचे मेळेही भरतात. बॉम्बे अंडरग्राउंडची मंडळी वर्षानुवर्षं हे काम चिकाटीने करत आली आहेत. तिथल्या टेबलांवर इंग्रजीचा भरणा जास्त, हे माझं गाऱ्हाणं आहे. मराठीत काही काढू पाहणाऱ्या मुलांना मथळा कशात करावा हा प्रश्न पडतो आणि ती फॉन्ट शोधत बसतात. घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्यांत जे थोडे पेंटर उरलेत ते आता टेम्पोच्या फळीवर मालकाचं नाव आणि पार्किंगच्या भिंतीवर फ्लॅटचे आकडे रंगवतात. मथळा लिहून द्यायला त्यांना तासभर लागेल, आणि दर विचारायला कोणी अजून गेलेलं नाही.