पटावरचा मित्र

गेल्या दिवाळींत माझा भाचा पुण्याहून किनवटास आमच्या घरीं आला, तो एक जड पेटी संभाळीत. पेटींत फराळ असेल अशी घरच्यांची समजूत. परंतु उघडून पाहतां कापसाच्या घड्यांतून एक सबंध सैन्य बाहेर निघालें. अंगठ्याएवढे भालाईत, परशु घेतलेले बुटके वीर, हाडांचे सांगाडे असलेले घोडेस्वार, आणि पंख पसरून बसलेला एक अग्निमुखी राक्षस! प्रत्येक आकृति त्यानें स्वतः बारीक कुंचल्यानें रंगविलेली होती. नेमकें त्याच दिवशीं शेजारच्या मुलांनीं अंगणांत माहूरगडाचा मातीचा किल्ला उभारला होता. तटाखालीं अळीव पेरून हिरवळ उगवली होती आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे पहारा देत होते. त्या मुलांच्या आणि माझ्या पदवीधर भाच्याच्या उद्योगांत मला फारसा भेद दिसला नाहीं, हें मीं मोकळेपणानें बोलूनहि दाखविलें.

“मामा, भेद आहे,” तो म्हणाला. “त्यांच्या किल्ल्याला शत्रु नाहीं. आमच्याकडे शत्रु असतो, आणि जोडीच्या सामन्यांत मित्रहि असतो.”

या जोडीच्या सामन्याची रीत त्यानें समजावून दिली. एका बाजूस दोन खेळाडू. ठराविक गुणांच्या किंमतीचें सैन्य उभें करावयाचें. त्यांतलें निम्में एकानें आणावयाचें, निम्में दुसऱ्यानें. चाल मोजपट्टीनें मोजावयाची, प्रहाराचा निकाल फांशांनीं लावावयाचा. सैन्यें दोन, सेनापति दोन, परंतु जय अथवा पराजय एकच. परदेशांत अशा जोड्यांच्या स्पर्धा भरतात, दिवसभर एकामागून एक डाव चालतात. मग काय विचारतां! आमचें जुनें सागवानी मेज मोकळें झालें, माझ्या दोन विद्यार्थ्यांना प्रतिपक्ष म्हणून बोलावणें गेलें, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं मी बुटक्या वीरांचा सेनापति झालों.

डावाचा तपशील सांगून वाचकांस शिणवीत नाहीं. मला एक पूल राखावयाचा होता. तो मीं राखला तर भाच्याचे घोडेस्वार निर्धास्तपणें पुढें जाणार होते. दोन चाली मीं तो नेटानें राखला. तिसऱ्या चालीला शत्रूचें निशाण एकाकी दिसलें, मोह अनावर झाला, आणि मी पूल सोडून धांवलों. निशाण मला मिळालें. पण पुलावरून आलेल्या सैन्यानें भाच्याच्या पिछाडीची धूळधाण केली. आवराआवर करतांना तो शांतपणें म्हणाला, “मामा, तुम्ही तुमचा डाव चांगला खेळलांत, पण आपला नाहीं.”

हें वाक्य कित्येक दिवस माझ्या मनांत घर करून राहिलें. इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यास तें विशेष लागावें हें साहजिकच आहे. म्हणून या खेळाच्या आणि त्यांतील मित्राच्या पूर्वपीठिकेचा मागोवा घेण्याचें मीं ठरविलें.

भाच्याच्या खेळाची युरोपांतील वंशावळ फार जुनी नाहीं. १७८० त ब्रन्स्विक येथील हेल्विग नांवाच्या शिक्षकानें राजदरबारच्या मुलांस युद्धशास्त्र शिकविण्यासाठीं बुद्धिबळाचा पट पुष्कळ वाढविला. १८१२ त प्रशियाच्या राजाला राइस्विट्झ नांवाच्या एका सरदारानें एक मेज नजर केलें. त्यावर डोंगर, नद्या व गांवें यांचे तुकडे हवे तसे मांडतां येत. त्याच्या तोफखान्यांतील मुलानें १८२४ त त्या खेळास नियमबद्ध केलें, आणि प्रशियाच्या सैन्यानें तो शिक्षणासाठीं स्वीकारला. या खेळांत एका बाजूस अनेक अधिकारी असत. दोन सहकारी पटावर एकमेकांपासून दूर असतील तर त्यांनीं आपसांत बोलावयाचें नाहीं. निरोप लेखी द्यावयाचा, आणि जासुदाला वाटेंत जेवढा वेळ लागेल तेवढा गेल्यावरच पंचानें तो पोंचवावयाचा. मित्र शेजारीं बसलेला असतांहि त्याचें मन कळत नाहीं, हें युद्धाचें खरें संकट त्या तरुण अधिकाऱ्यानें अचूक ओळखलें होतें.

पुढें हा खेळ छावणींतून दिवाणखान्यांत आला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या सुमारास डाव्होस येथें प्रकृतीसाठीं राहिला असतां आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळत असे. एच. जी. वेल्सनें १९१३ त या छंदावर एक लहानसें पुस्तकच लिहिलें. दुसऱ्याच वर्षीं खऱ्या महायुद्धानें सगळा युरोप पेटला. १९७१ त अमेरिकेंत अशाच एका खेळाच्या नियमांना राक्षस, जादुगार व मायावी प्राणी यांची पुरवणी जोडली गेली, आणि १९८३ त इंग्लंडांत ‘वॉरहॅमर’ निघाला. भाच्याच्या पेटींतील सैन्य या शेवटच्या शाखेचें.

परंतु चौघांनीं दोन-दोनांच्या जोड्या करून पटावर युद्ध खेळावें ही कल्पना आपणांस मुळींच परकी नाहीं. सारीपाटांत समोरासमोरचे दोघे भिडू असतात हें आपल्या घरांतील आजीबाईंसहि ठाऊक असतें. खंडोबा आणि म्हाळसा यांच्या सारीपाटाची कथा तर महाराष्ट्रांत सर्वतोमुखी आहे. चतुरंगाचीहि एक चौघांची जात होती. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूणीनें हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांत, एका पटाभोंवतीं चार माणसें बसून फांशांच्या साह्यानें चतुरंग खेळतात, असें वर्णन आहे. सोळाव्या शतकांत बंगालच्या रघुनंदनानें ‘तिथितत्त्वां’त व्यास-युधिष्ठिरांच्या संवादरूपानें त्याचे नियम दिले आहेत. प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादीं. फांशावर पांच पडले तर राजा किंवा प्यादें, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा आणि दोन पडले तर नौका चालवावयाची.

सर विल्यम जोन्सनें १७९० त या खेळावर निबंध लिहिला आणि हाच बुद्धिबळाचा मूळ अवतार असें मानलें. १८६० त डंकन फोर्ब्सनें तर त्याचें वय पांच हजार वर्षांवर नेऊन ठेविलें! पुढें वेबर, व्हान डर लिंडे आदि पंडितांनीं आधारग्रंथ नीट तपासून ही इमारत पाडली. आज विद्वानांचा कल दोघांचें चतुरंग अगोदरचें मानण्याकडे आहे. आपली वस्तु जितकी पुरातन तितकी थोर, हा मोह आपणांसहि आवरावा लागतो.

आमच्या मराठवाड्याचा या विषयाशीं संबंध मात्र निर्विवाद आहे. लातूरच्या सीमेपलीकडे, फार दूर नव्हे, कल्याणी येथें चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथाच्या पांचव्या विंशतींत राजाच्या क्रीडांमध्यें चतुरंगाचें सविस्तर वर्णन आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात ही नोंद करणारा ग्रंथ तो हाच. सतराव्या शतकांत ‘नीतिमयूखां’त बुद्धिबळाचा विचार करणारा नीळकंठभट्ट काशींत राहत असला, तरी त्याचें घराणें मूळचें पैठणचें. राजनीतीच्या ग्रंथांत खेळाला जागा द्यावी असें या दोघांसहि वाटलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ‘तिथितत्त्वां’तील एका नियमाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. माझा राजा मित्राच्या सिंहासनावर जाऊन बसला, तर मित्राचें सैन्यहि माझ्या हुकमतीखालीं येतें. आणि एकाच राजानें उरलेल्या तिन्ही राजांना जिंकलें, म्हणजे मित्रालाहि, तर त्या परमोच्च विजयाला ‘चतुराजी’ म्हणतात. किती भेदक नियम हा! दोघे मिळून लढत आहेत, पण प्रत्येकाचा एक डोळा मित्राच्या गादीवर आहे. भाच्याच्या खेळांत जोडीचा जय एकच असतो. आपल्या पूर्वजांच्या खेळांत तो अखेर एकट्याचाच असूं शकतो. पहिला नियम मैत्री कशी असावी हें सांगतो, दुसरा ती बहुधा कशी असते हें.

मराठ्यांच्या उत्तरकालाकडे पाहिलें म्हणजे हा दुसरा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. ११ मार्च १७९५ रोजीं जामखेडजवळ खर्ड्यास पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एका निशाणाखालीं निजामावर चालून गेले. परशुरामभाऊ पटवर्धनांकडे सेनापतित्व होतें. फारशी प्राणहानि न होतां निजाम खर्ड्याच्या किल्ल्यांत कोंडला गेला आणि तहाला कबूल झाला. आमचा हा मुलूख तेव्हां त्याच निजामाच्या अमलाखालीं होता. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांतच राहिला. तेव्हां हा विजय इकडच्या माणसानें सांगावा यांत थोडी मौज आहे. मराठे सरदार असे सारे एकत्र लढले, ती ही शेवटची वेळ.

त्याच वर्षाच्या २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव वारले, आणि जो तो मित्राच्या सिंहासनाकडे पाहूं लागला. ऑक्टोबर १८०२ त पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनीं पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. दुसऱ्या बाजीरावानें डिसेंबरअखेर वसई येथें इंग्रजांशीं तह केला. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जालना जिल्ह्यांतील असई येथें वेल्स्लीशीं गांठ पडली, तेव्हां शिंदे-भोसल्यांची जोडी मैदानांत होती आणि होळकर अलिप्त होते. शिंद्यांच्या तोफांनीं इंग्रजांची मोठी हानि केली, तरी रणांगण हातचें गेलें. पुढें जोडी तरी टिकावी! १७ डिसेंबरला भोसल्यांनीं देवगांवास आपला तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनीं सुर्जी-अंजनगांवास आपला. एक डाव, दोन भिडू, दोन तह, मध्यें तेरा दिवस. १८०४ त होळकर लढावयास उठले तेव्हां ते एकटे होते. ज्यांनीं साथ द्यावयाची ते तहांनीं बांधले गेले होते. यांपैकीं कोणी भ्याड नव्हता. प्रत्येकजण आपापला डाव चांगलाच खेळला.

इंग्रजांचें कवायती सैन्य, त्यांचा पैसा, त्यांची शिस्त हीं कारणें मी लहान लेखीत नाहीं. तीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहें. पण पूल सोडून निशाणामागें धांवतांना मनाची जी अवस्था होते, ती मला कोणत्याहि बखरीनें शिकविली नव्हती. मला त्या क्षणीं भाच्याचा द्वेष वाटत नव्हता. त्याची आठवणच झाली नव्हती. फितुरी, द्रोह असे जड शब्द आपण इतिहासांत सढळ हातानें वापरतों. त्यांतले निम्मे प्रसंग तरी अशा विसराचे असतील असें आतां वाटूं लागलें आहे. त्यामुळें दोष सौम्य होत नाहीं. उलट तो आपल्या फार जवळ येतो.

भाऊबीजेच्या संध्याकाळीं दुसरा डाव झाला. पूल पुन्हा माझ्याकडेच आला. तो दुसऱ्या कोणाकडे द्यावा असें मीं सुचविलें होतें, परंतु भाच्यानें तें मनावर घेतलें नाहीं. या वेळीं मी जागचा हाललों नाहीं. फांसे उलटे पडले, माझे बुटके वीर एकेक करून सारे कामास आले, आणि डाव आम्ही थोडक्यांत हरलों. पेटी भरतांना भाच्यानें माझे मेलेले शिपाई प्रथम उचलले आणि कापसांत ठेवीत म्हणाला, “मामा, पुढच्या दिवाळींत जोडी हीच.”