‘वेल्फेअर’ म्हणजे नेमके काय?

वेल्फेअर स्टेट, लेबर वेल्फेअर, सोशल वेल्फेअर ऑफिस. चळवळीत काम करणाऱ्यांच्या कानावर हा शब्द रोज पडतो. आपण त्याला ‘कल्याण’ म्हणतो आणि पुढे जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना मात्र त्याचा वेगळाच अर्थ ऐकावा लागतो : फुकटचे खाणारे. हा अर्थ शब्दात मुळात नव्हता. तो कसा शिरला हे आपल्याला माहीत असायला हवे.

जुन्या इंग्रजीत ‘फारन’ म्हणजे जाणे, प्रवास करणे. बसच्या भाड्याला ‘फेअर’ म्हणतात तो शब्द याच कुळातला. ‘वेल’ म्हणजे नीट, चांगले. दोन्ही मिळून माणसाची वाटचाल नीट चालणे म्हणजे वेल्फेअर. निरोपाच्या ‘फेअरवेल’मध्ये हेच दोन शब्द उलट क्रमाने आले आहेत. म्हणजे वेल्फेअर ही कुणी कुणाला देण्याची वस्तू नव्हती, ती माणसाची स्वतःची अवस्था होती. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘जनरल वेल्फेअर’ आले ते सर्वांचे भले याच अर्थाने. (त्या ‘सर्वां’मध्ये गुलाम नव्हते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.)

इंग्लंडमध्ये गरिबांना मिळणाऱ्या मदतीला दुसरा शब्द होता, ‘रिलीफ’. १८३४ च्या कायद्याचे धोरण असे होते की, धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये यावे. अशी मदत घेणाऱ्याचा मताधिकारही जाई. ही अट बहुतांशी हटली ती १९१८ मध्ये. भाकरी घ्या आणि नागरिकत्व ठेवून जा, असाच तो व्यवहार होता. या पार्श्वभूमीवर बिशप विल्यम टेंपल यांनी १९२८ मध्ये आणि पुन्हा १९४१ मध्ये ‘वेल्फेअर स्टेट’ हा शब्द वापरला. सत्तेसाठी चालणारे राज्य एका बाजूला, लोकांसाठी चालणारे राज्य दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची मांडणी होती. १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर तो सर्वतोमुखी झाला. गंमत अशी की, खुद्द बेव्हरिज यांना तो आवडत नसे.

शब्द खरा बिघडला तो अमेरिकेत. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात दोन वेगळे भाग होते. कामगाराच्या पगारातून कापून मिळणारे म्हातारपणाचे पेन्शन हा एक, आणि निराधार मुलांच्या आयांना मिळणारी मदत हा दुसरा. पहिल्याला लोक मानाने ‘सिक्युरिटी’ म्हणू लागले, दुसऱ्याला ‘वेल्फेअर’. पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. आधी हक्काच्या रांगेतून बाहेर काढायचे, मग मदतीच्या रांगेत दिसले की हिणवायचे. ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशनमध्ये जॉनी टिलमन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय आया पुढे आल्या. त्यांनी ‘वेल्फेअर’ला ‘राइट्स’ जोडले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, बाजू ऐकून घेतल्याशिवाय ही मदत बंद करता येणार नाही. तरी १९७६ च्या प्रचारात रेगन यांनी सरकारला लुबाडणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट गावोगाव सांगितली आणि ‘वेल्फेअर क्वीन’ ही शिवी रूढ झाली. १९९६ मध्ये जुनी योजनाच मोडीत निघाली, नव्या योजनेत आयुष्यभरात मिळून ६० महिन्यांची मर्यादा आली.

आपल्याकडे हा शब्द कायद्यात आला तो मुख्यतः कामगारांच्या बाजूने. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४४ मध्ये, कोळसा खाणीतील मजुरांसाठी वेल्फेअर फंड उभा राहिला. त्याचा पैसा कोळशावरच्या उपकरातून येई, म्हणजे मजुरांनी खणून काढलेल्या मालातून. कुणाच्या दानपेटीतून नाही. संविधानात ‘वेल्फेअर स्टेट’ हा शब्दप्रयोग कुठेच नाही, परीक्षेच्या पुस्तकांत काहीही असो. अनुच्छेद ३८ मध्ये ‘लोकांचे वेल्फेअर’ आहे, आणि ते साधायचे कसे तेही तिथेच सांगितले आहे : सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय असलेली समाजव्यवस्था उभारून. समवर्ती सूचीतल्या २४ व्या नोंदीत तर ‘वेल्फेअर ऑफ लेबर’ म्हणून प्रॉव्हिडंट फंड, नुकसानभरपाई, म्हातारपणाचे पेन्शन, प्रसूतीचे लाभ अशी यादीच आहे. अमेरिकेने ज्या पेन्शनला ‘सिक्युरिटी’ म्हणून वेल्फेअरपासून तोडले, ते इथे वेल्फेअरमध्येच बसते.

केंद्राच्या ‘कल्याण मंत्रालया’चे नाव १९९८ मध्ये ‘सामाजिक न्याय आणि अधिकारिता मंत्रालय’ झाले. महाराष्ट्रातही विभागाच्या नावात आता सामाजिक न्याय आहे, सोबत ‘विशेष सहाय्य’ही आहे. लोक अजून ‘समाजकल्याण’च म्हणतात, त्याला आमची हरकत नाही. आमची हरकत ‘लाभार्थी’ला आहे. लाभ मागणारा तो लाभार्थी, मग अनुच्छेद ३८ मध्ये ज्याचे भले साधायचे तो नागरिक कोणत्या रकान्यात लिहायचा?