शिष्यवृत्त्या, केंद्रशासनाच्या

विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शुल्क, निर्वाह व शैक्षणिक साहित्य यांसाठी केंद्रशासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य. गुणवत्ता, आर्थिक गरज वा सामाजिक मागासलेपण यांपैकी एक वा अनेक निकषांवर ते दिले जाते. दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या मदतीचे नियमाने मिळणाऱ्या साहाय्यात रूपांतर झाले, हे या शिष्यवृत्त्यांचे ऐतिहासिक महत्त्व होय.

पूर्वपीठिका : पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासात दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. इंग्रजी अंमल आल्यावर या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. त्यातूनच १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) याच निधीतून दक्षिणा-अधिछात्रवृत्त्या देण्यात येऊ लागल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे असे अधिछात्र होते. पुढे कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला, तर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ही शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची व तीन वर्षांची होती. हे साहाय्य मोलाचे असले, तरी ते संस्थानाची हद्द व संस्थानिकाची दृष्टी यांपलीकडे जाणे शक्य नव्हते.

केंद्रीय योजनेचा उदय : आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांसंबंधी निवेदन सादर केले. बनारस व अलीगढ या विद्यापीठांना केंद्राकडून प्रत्येकी तीन लाख रुपयांचे वार्षिक अनुदान मिळते, याकडे लक्ष वेधून त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठीही तेवढीच तरतूद मागितली. ती मान्य होऊन १९४४ मध्ये शिष्यवृत्ती-योजना अंमलात आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत युद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणखर्चाचा भार संघराज्य-शासनाने उचलण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला, हे लक्षणीय आहे.

विस्तार : १९४८ मध्ये अनुसूचित जमातींचा योजनेत समावेश झाला. दुर्बल घटकांचे शैक्षणिक हितसंवर्धन हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने नमूद केल्यामुळे तिला वैचारिक अधिष्ठानही लाभले. परदेशी शिक्षणासाठी १९५४-५५ पासून, गुणवंतांसाठी १९६१-६२ पासून व कर्जाऊ शिष्यवृत्त्यांसाठी १९६३-६४ पासून स्वतंत्र योजना सुरू झाल्या. यांपैकी महाराष्ट्रात ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ या नावाने सर्वपरिचित झाली, ती मात्र मॅट्रिकोत्तर योजनाच होय.

अर्थव्यवस्था : या योजनेत पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी झालेल्या खर्चाइतके दायित्व राज्याने पुढील काळात उचलावयाचे व त्यावरील वाढीव खर्च केंद्राने द्यावयाचा, अशी पद्धती दीर्घकाळ होती. तीमुळे राज्यांवरील भार वाढत जाऊन केंद्राचा वाटा पुष्कळच घटला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या योजनेसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता देऊन केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६० : ४० असे ठरविले. २०२१ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून शुल्काखेरीज मिळणारा वार्षिक शैक्षणिक भत्ता अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे २,५०० ते १३,५०० रुपये ठेवण्यात आला. राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या बँकखात्यात थेट जमा व्हावा, अशीही तरतूद झाली.

महत्त्व : शुल्कमाफीने महाविद्यालयाचे दार उघडते, तेथे टिकून राहणे मात्र निर्वाहखर्चावर अवलंबून असते. पुणे–सातारा मार्गावरून भोरकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते कापूरहोळ पुण्यापासून सु. ४० किमी. अंतरावर आहे. अशा गावातील विद्यार्थ्याला रोजचा प्रवास किंवा शहरातील निवास यांपैकी एकाचा खर्च सोसावाच लागतो. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांच्या डोंगरकपारीतील वाड्यांवरून येणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी. वसतिगृहात राहणाऱ्यांस घरून ये-जा करणाऱ्यांपेक्षा अधिक भत्ता देण्यामागे हेच तत्त्व आहे. कुटुंबात पूर्वी कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेले नसेल, तर या साहाय्याअभावी शेतमजुरी वा लहानसहान नोकरी पत्करून शिक्षण सोडण्याचा प्रसंग ओढवतो.

मर्यादा : साहाय्याची उपयुक्तता रकमेइतकीच वेळेवरही अवलंबून असते. केंद्राचा वाटा राज्याच्या वाट्यानंतर येत असल्याने एका ठिकाणचा विलंब दुसरीकडे पोहोचतो आणि दरम्यान शुल्काची मागणी विद्यार्थ्यालाच तोंड देऊन निभवावी लागते. वर्ष संपल्यावर मिळालेल्या भत्त्याने आधी काढलेले कर्ज फिटते. पण सोडलेले वर्ग भरून निघत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेने निवडक शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्जाची सोय केली. परंतु कर्ज हे भावी मिळकतीवर विसंबलेले असते. जमीन व मिळकत दोन्ही तुटपुंजी असलेल्या घरांत ते घेण्याचे धैर्य सहसा होत नाही. म्हणून कर्जयोजनांचा विस्तार झाला, तरी परतफेडीविना व वेळेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची आवश्यकता कमी होत नाही.