रामदासस्वामी, समर्थ

रामदासस्वामी, समर्थ : (१६०८–१६८२). संतकवी, ब्रह्मचारी साधू व अद्वैत वेदान्ताचे निरूपणकार. मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. जन्म रामनवमीला, जांब येथे. आज जांब समर्थ म्हणून ओळखले जाणारे हे गाव जालना जिल्ह्यात, परतूरला लागून असलेल्या घनसावंगी तालुक्यात आहे. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई. थोरले बंधू गंगाधरपंत ‘श्रेष्ठ’ या नावाने प्रसिद्ध असून तेही ग्रंथकार होते.

परंपरेनुसार नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून नाशिकजवळच्या टाकळीला आले. तेथे बारा वर्षे तपश्चर्या व पुढे बारा वर्षे तीर्थाटन केल्यावर ते कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. अखेरचा काळ सज्जनगडावर गेला.

शिवाजी महाराजांशी त्यांचा संबंध केव्हा आला, या वादावर पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या मानाने तत्त्वचिंतक रामदास उपेक्षितच राहिले. त्यांचा ‘दासबोध’ हा वीस दशकांचा, दोनशे समासांचा ओवीबद्ध ग्रंथ गुरुशिष्य-संवादरूप आहे. श्रोता शंका घेतो, आक्षेप काढतो आणि वक्ता प्रत्येकाला उत्तर देतो. संस्कृत न जाणणाऱ्या प्रापंचिकाला उपनिषदांचा विचार त्याच्याच बोलीत, तर्काने पटवून देण्याची ही रीत आहे. केवळ श्रद्धेवर विसंबून न राहता प्रचीती घ्यावी, असा तिचा आग्रह आहे.

सातव्या दशकातील चौदा ब्रह्मांचे विवेचन या दृष्टीने मुळातून वाचावे. शब्दब्रह्मापासून सुरुवात करून रामदास ब्रह्माची एकेक कल्पना तपासतात आणि बाजूला सारतात. चैतन्यब्रह्म आणि साक्षब्रह्मही त्यातून सुटत नाहीत. चेतवायला काही असेल तोवरच चैतन्य. पाहण्याजोगे काही असेल तोवरच साक्षी. दृश्य मावळले की ही नावेही गळून पडतात. जाणीव सूक्ष्म असली तरी ती मायेच्याच प्रांतातली. परब्रह्म जाणीव-नेणिवेच्या पलीकडचे. आत्म्याला ‘शुद्ध जाणीव’ म्हणून मोकळे होणाऱ्या आजच्या प्रवचनांपेक्षा हा विचार कितीतरी काटेकोर आहे.

हा विचार त्यांनी मठांच्या जाळ्यातून समाजात पोचवला. शिष्यांत कल्याणस्वामी हे दासबोधाचे लेखक, म्हणजे लेखनिक, होते. डोमगाव हे त्यांचे स्थान. बालविधवा वेणाबाईंकडे मिरजेचा मठ आला. सतराव्या शतकात एका विधवेला मठाधिकार मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

विसाव्या शतकात धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी जुनी बाडे मिळवून समर्थ वाङ्मय प्रकाशात आणले. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात रामदासांना महाराष्ट्रातील संतपरंपरेच्या मांडणीत कर्मप्रधान साक्षात्कारी म्हणून स्थान दिले. श्रीधरस्वामी (१९०८–१९७३) या संन्याशांनी सज्जनगडावरून आणि पुढे कर्नाटकातील वरदपूरहून मराठी व कन्नड या दोन्ही भाषकांना वेदान्त सांगितला. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी गृहस्थ होते; त्यांनी १९४३ पासून बैठकींतून सुरू केलेल्या दासबोधाच्या निरूपणाला कामगार-शेतकरी कुटुंबांतला मोठा श्रोतृवर्ग लाभला.