माजघरातला उजेड

उमरग्यात तीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. लग्नाचे, मुंजीचे, पासपोर्टचे फोटो खूप काढले. पण घराच्या आतला पहिला फोटो काढायला घेतला तो १९७८ मध्ये, तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यात. दोन हात जाड भिंती, डोक्यावर माळवद, आणि माजघरात उजेड यायचा तो वरच्या साण्यातून, तेवढाच. फ्लॅशनं समोरचा खांब तेवढा उजळायचा, मागं सगळा काळोख. म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून शटर मोजून वीस सेकंद उघडं ठेवलं. चुलीजवळच्या काकूंना म्हणालो, ‘‘काकू, हलू नका.’’ दूध उतू जायला लागलं आणि त्या उठल्या. फोटोत खांब, तुळया, कोनाडे स्वच्छ आले. काकूंच्या जागी नुसता धुरकट पट्टा.

लाला दीनदयाळांचे फोटो मला कळले ते तेव्हापासून.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे हा माणूस आमच्याच दरबारचा. जन्म १८४४, सरधन्याचा. रुरकीला शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले आणि तिथंच कॅमेऱ्याच्या नादी लागले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं, १८९४ मध्ये ‘राजा’ किताब दिला. हैदराबादच्या फलकनुमा, चौमहल्ला, बशीरबाग या महालांतली दालनं त्यांनी मोठ्या काचांवर टिपली. झुंबरं, आरसे, गालिचे, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या दिसतात. बसलेलं मात्र सहसा कोणी दिसत नाही. आतल्या अपुऱ्या उजेडात काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. खिडकीशी सगळं पांढरंफेक, कोपऱ्यात काळंकुट्ट, आणि आरशात कॅमेरा दिसू नये ही काळजी वेगळीच. फ्लॅशसाठी मॅग्नेशियमची पूड १८८७ मध्ये निघाली खरी, पण तिचा धूर दालनभर कोंडायचा. एवढं सांभाळून त्यांनी नक्षीची रेघ न् रेघ पकडली. माझ्या धंद्यातला याहून मोठा माणूस मला ठाऊक नाही.

फलकनुमा बांधला विकार-उल-उमरा यांनी, पायगा घराण्यातल्या उमरावानं. १८९७ मध्ये तो निजामाकडे गेला. आमच्याकडची गुंजोटीही पायगा जहागिरीतलीच. अशा गावांच्या साऱ्यावर त्या घराण्यांचा डौल उभा होता. महालाचं दालन काचेवर उतरलं. सारा भरणाऱ्याचं माजघर कोणी काचेवर घेतलं नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लोहारा आणि उमरग्याच्या पट्ट्यात, सास्तूरसारख्या गावांत, दगडमातीच्या भिंती आणि मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर महिनाभर मी फोटो काढले, सगळे ढिगाऱ्यांचे. लोक स्टुडिओत येऊन विचारायचे, ‘‘भाऊ, आमच्या घराचा आतला एखादा फोटो हाय का तुमच्याकडं?’’ माझ्याकडे लग्नाचे होते. त्यात मागं रंगीत पडदा, घराची भिंतसुद्धा नाही.

दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. काकूंचा फोटो माझ्या कपाटात आहे.

तुमच्या गावात एखादं माळवद अजून उभं असेल, तर या दिवाळीत मोबाइल घेऊन आत जा. दुपारी बाराला, साण्यातून ऊन खाली उतरतं तेव्हा. आणि घरातल्या माणसांना बाजूला व्हायला सांगू नका.